बिनआवाजाचं मशीन

पहिली थप्पड ऐकू आली तशी म्हातारी खुर्चीतून उठली, दुखरा गुडघा हातानं दाबत बंद बाल्कनीत गेली आणि तिनं वॉशिंग मशीनच्या ड्रायरचं बटण पाच मिनिटांवर फिरवलं. आत कपडे नव्हते. एकच ओला टॉवेल होता, डाळिंबी रंगाचा. एकटा टॉवेल असला की ड्रायरचा तोल जातो आणि मशीन जागच्या जागी उड्या मारायला लागतं, हे ज्ञान तिला नऊ वर्षांपूर्वी अपघातानंच झालं होतं. तेव्हापासून तो टॉवेल तिथून हलला नव्हता.

आतल्या खोलीत तिचा मुलगा सुनेला विचारत होता, "फाइल कुठं ठेवलीस?"

"टेबल पुसताना कपाटावर ठेवली. देते ना."

"कुणाला विचारून?"

पुढचं ऐकू आलं नाही. ड्रायर धडधडायला लागला, मशीनखालचा लोखंडी स्टँड फरशीवर ठणठण वाजायला लागला आणि खिडकीची काच तिच्या चौकटीत थरथरू लागली. म्हातारी मशीनवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. तिचा चष्मा नाकावरून हळूहळू खाली सरकत होता. तो ती दर वेळी वर करायची, तसा तिनं वर केला.

घरात माणसं तीनच. म्हातारीनं चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते आणि शिलाईचं मशीन चालवून चालवूनच गुडघा घालवला होता. सून दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा देण्याचं काम करायची. आणि मुलगा विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासायचा. पत्रा कुठं चेपला, कशानं चेपला, आधीचा पोचा कुठला आणि कालचा कुठला, हे तो नुसतं बोट फिरवून सांगे. बाहेर त्याचं नाव फार चांगलं. जिन्यात कुणाची पिशवी जड दिसली तर हातातून काढून घेणारा, लिफ्ट बंद पडली तर स्वतः फोन करणारा. अशी माणसं घरात मारतात यावर लोकांचा विश्वास बसत नाही, आणि बसू नये याची काळजी म्हातारीनं नऊ वर्षं घेतली होती.

त्यानं तिला मशीन लावायला कधी सांगितलं नव्हतं. खरं तर मशीन लागतं हेसुद्धा त्याच्या लक्षात येत नसे. राग आला की त्याचे कान बंद होत. ही सोय म्हातारीनं स्वतःच काढलेली. टीव्ही मोठा करून पाहिला होता, पण मग शेजारी म्हणायला लागले की आजींना ऐकू येत नाही वाटतं. मशीनला कुणी काही म्हणत नाही. कपडे तर सगळ्यांचेच मळतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती मनाशी म्हणायची. त्या मुठीत सुनेचे केस असायचे, तेवढं सोडून द्यायची.

खालच्या मजल्यावरच्या सिस्टर मात्र बोलायच्या. त्या हॉस्पिटलात नर्स होत्या, रात्रपाळी करून दिवसा झोपायच्या. मशीन लागलं की दहा मिनिटांत वर येऊन बेल दाबायच्या.

"तुमचं ते मशीन आहे की दगड फोडायचा कारखाना?"

दार नेहमी मुलगाच उघडायचा. केस सारखे करून, शर्ट खोचून, हसून. "सॉरी सिस्टर. जुनं झालंय हो. बदलतोच आता." एकदा जिन्यात सिस्टरनी म्हातारीला गाठून विचारलं होतं, "आजी, घरात माणसं तीन आणि दिवसातून दोनदोनदा मशीन? एवढे कसले कपडे?" म्हातारी म्हणाली होती, "आमच्याकडे फार मळतात." सिस्टर तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या होत्या.

आज सून आतल्या खोलीत थांबली नाही. ती पळत बाल्कनीत आली, सासूच्या मागं लपल्यासारखी मशीनच्या आणि भिंतीच्या मधे शिरली. मागून तो आला. त्यानं आईला खांद्याला धरून बाजूला केलं, अगदी हलक्या हातानं. तिच्याशी तो कधी वाईट वागला नव्हता. मग त्यानं सुनेच्या पोटात लाथ घातली. ती वाकली आणि आधारासाठी तिनं ड्रायरच्या झाकणाखाली बोटं घातली. झाकण उचललं गेलं. त्यानं ते वरून दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून खाली आपटलं.

सून ओरडली की नाही, कळलं नाही. ती मागं कोसळली आणि तिच्याबरोबर मशीनही स्टँडवरून घसरलं, आडवं झालं, पाणी सांडलं, वायर ताणून सॉकेटातून ठिणगी उडाली. जळक्या रबराचा वास आला आणि मशीन बंद पडलं.

नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात मधेच शांतता झाली. आणि त्या शांततेत उरलेले दोन फटके म्हातारीनं ऐकले. एक पाठीवरचा, एक कानावरचा. दोन्हींचा आवाज वेगळा होता. पाठीवरचा भरीव होता आणि कानावरचा अगदी कोरडा. तिला इतकी वर्षं वाटत होतं की आपण हे आवाज शेजाऱ्यांपासून लपवतोय.

तो धापा टाकत थांबला. "मोडलं?" त्यानं विचारलं.

सुनेनं उजव्या हाताची बोटं डाव्या हातात घट्ट धरली होती. ती म्हणाली, "हो. दोन."

पण तो मशीनकडं बघत होता.

बेल वाजली. त्यानं केस सारखे केले, हात पँटला पुसले आणि दार उघडलं.

"आज काय पाडलंत?" सिस्टरांचा आवाज.

"मशीन गेलं, सिस्टर. कायमचं. आता तुम्ही खुशाल झोपा."

बाहेर त्या हसल्याचं काही ऐकू आलं नाही.

*

सुनेच्या बोटांना पट्टी लागली. दवाखान्यात तिला विचारलं तेव्हा पहिल्यांदाच तिला खरं कारण सांगता आलं, मशीनच्या झाकणात सापडली. कुणी सापडवली ते कुणी विचारलं नाही. हात बांधलेला, त्यामुळं कपडे धुणं म्हातारीकडं आलं. ती मोरीत छोट्या स्टुलावर बसून, गुडघा लांब पसरून कपडे धुवायची. अडगळीतून जुनं लाकडी धोपाटणं शोधून तिनं खाली काढलं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत पुन्हा सुरू झालं. कारण काय होतं, ते म्हातारीला आठवतसुद्धा नाही. दवाखान्यातून यायला उशीर झाला होता बहुतेक. तिच्या हातात ओली चादर होती. मशीन नव्हतं. तिचा हात आपोआप सवयीचं बटण शोधायला लागला, आणि ते सापडेना तेव्हा तिनं धोपाटणं उचललं आणि चादरीवर हाणायला सुरुवात केली.

धप्. धप्. मोरी लहान, आवाज घुमायचा. पाणी भिंतीवर उडत होतं, तिच्या तोंडावर उडत होतं. तिनं जोर वाढवला. बाहेर तो मारत होता आणि आत ही. दहा-बारा घावांनंतर तिच्या लक्षात आलं की आपला हात त्याच्या हाताबरोबर पडतोय. तो थांबला की हिचाही थांबतो. त्यानं उचलला की हिचाही वर जातो. आणि दगडावरची ती पिळून पडलेली ओली चादर, तिला दोन टोकं होती नि मधे ती वाकलेली होती.

धोपाटणं तिच्या हातातून गळून पडलं. ती तशीच स्टुलावर बसून राहिली. आता सगळं नीट ऐकू येत होतं, आणि कानावर हात ठेवायचं तिच्यात बळ नव्हतं.

तिच्या वेळी तिचा नवरा मारायचा. तेव्हा कुठलं मशीन? तिची सासू अशा वेळी शेजारी जाऊन बसायची आणि विनोद नसतानाही मोठमोठ्यानं हसायची. ते हसणं भिंतीतून ऐकू यायचं. सत्तेचाळीस वर्षं झाली, म्हातारीला नवऱ्याचा एकही फटका नीट आठवत नव्हता. ते हसणं मात्र अजून कानात होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. तोंड दाबणारा हात नेहमी मारणाऱ्याचाच असतो, असं मात्र नाही.

*

शनिवारी तिघं मशीन घ्यायला गेली. दुकान मोठं होतं, पांढऱ्या दिव्यांचं. मशिनं ओळीनं मांडलेली, दारं उघडी, जणू सगळी एकदम आ वासून बसलीत. टाय लावलेला, पोट सुटलेला विक्रेता त्यांना ओळीओळीनं फिरवू लागला.

मुलगा रंगात आला होता. दुकानं त्याला आवडत. त्यानं प्रत्येक मशीनवर बोट फिरवून पत्र्याची जाडी पाहिली, कोपरे ठोकून पाहिले. "हा पत्रा एका लाथेत चेपेल," तो एका मशीनबद्दल म्हणाला आणि विक्रेता मनापासून हसला.

"लाथा कोण मारणार, सर?"

"आमचा धंदाच तो. मोडलेल्या वस्तू बघायच्या. मला मजबूत दाखवा. आधी होतं तसंच, दोन टबांचं. ड्रायर वेगळा. दणकट."

विक्रेत्यानं तसलं मशीन दाखवलं. जवळजवळ जुन्याचा भाऊच. म्हातारीनं त्याच्या ड्रायरचं झाकण पाहिलं. तसंच होतं. बटणही तसंच, गर्रकन फिरणारं. क्षणभर तिला बरं वाटलं, आपलं माणूस भेटल्यासारखं. आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

सून मागं राहिली होती. ती तीन मशिनं सोडून एका गोल काचेच्या दाराच्या मशीनपुढं उभी होती. ते चालू होतं. दाखवण्यासाठी दुकानवाल्यांनी आत रंगीत फडकी फिरत ठेवली होती आणि वर एक नाणं कडेवर उभं केलं होतं. नाणं हलत नव्हतं.

"बघा मॅडम, ही जादू बघा," विक्रेता तिकडं वळला. "हे आता सगळ्यात जोरात फिरतंय. पिळतंय कपडे. नाणं पडतंय का? घरात तान्हं बाळ झोपलेलं असू द्या, उठणार नाही. मशीन चालू आहे का बंद, ते तुम्हाला दिवा बघून कळेल."

सुनेनं पट्टी बांधलेला हात मशीनवर ठेवला. "अजिबात आवाज नाही?"

"अजिबात."

"आत एकच कपडा असला तरी?"

विक्रेता जरा गोंधळला. एकच कपडा कोण धुणार? "एकच असला तर मशीन स्वतःच तोल सांभाळतं, मॅडम. आदळत नाही."

सुनेनं मान वळवली नाही. पण म्हातारीला तो प्रश्न बरोबर कळला. म्हणजे हिला टॉवेलचं माहीत होतं. नऊ वर्षं माहीत होतं. रोज सकाळी दोघी एकत्र चहा प्यायच्या, ही तिला "आई, साखर पुरे?" म्हणून विचारायची, दुखऱ्या गुडघ्याला तेल लावून द्यायची, आणि हिला माहीत होतं.

"हे बघू या का?" सून नवऱ्याला म्हणाली. "जरा बरं वाटतंय."

"बरं वाटतंय?" तो हसत जवळ आला. त्यानं तिचा तोच हात हातात घेतला, नव्या लग्नातल्यासारखा, बोटांत बोटं गुंफून. "मशीन काय आवाजावर घेतात का गं?" त्याची बोटं हळूहळू आवळत गेली. पट्टीखालची दोन बोटं एकमेकांवर चढली. सुनेच्या कपाळावर घाम फुटला, ओठ पांढरे पडले. विक्रेत्यानं कौतुकानं दुसरीकडं पाहिलं.

"नको," सून म्हणाली. श्वास घेऊन पुन्हा म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते."

त्यानं हात सोडला. "लिहा हो मग ते दणकटवालं."

विक्रेत्यानं पेन काढलं. मग काही आठवल्यासारखा मुलगा आईकडं वळला. बाहेर आईला विचारल्याशिवाय तो काही करत नसे, तेवढं लोकांनी पाहिलेलं त्याला आवडायचं. "आई, तू सांग. शेवटी लावतेस तूच."

म्हातारीनं जवळच्या मशीनचा आधार घेतला. हो म्हटलं तर सगळं होतं तसं राहणार होतं. घराचं नाव, मुलाची नोकरी, त्याचं ते जिन्यातलं हसणं. आणि ही पोर एक दिवस त्या धडधडीतच संपणार होती. कुणाला कळणारही नव्हतं. तिला स्वतःलासुद्धा नाही, कारण ती मशीनला टेकून चष्मा वर करत उभी असणार होती.

"खालच्या सिस्टर तक्रार करणारेत म्हणे," ती म्हणाली.

"कसली?"

"मशीनच्या आवाजाची. परवा जिन्यात भेटल्या होत्या. बिल्डिंगच्या मीटिंगमधे काढणार आहेत. म्हणाल्या, चांगले शिकलेले म्हणवतात आणि शेजाऱ्यांचा विचार नाही. लेखी देणार आहेत."

सगळं खोटं होतं. आयुष्यभर त्याच्यासाठी खोटं बोलत आलेली बाई आता त्याच्याशी खोटं बोलली, आणि सरावानं तिचा आवाजही हलला नाही.

मुलाचा चेहरा पडला. त्याच्या कानशिलाची शीर उडली. मीटिंगमधे, सगळ्यांसमोर, त्याचं नाव. "लेखी?"

"असं म्हणाल्या बाई. मला काय कळतं."

त्यानं त्या कडेवर उभ्या नाण्याकडं पाहिलं. मग त्यानं टिचकी मारून ते पाडलं. "हे द्या," तो विक्रेत्याला म्हणाला. "बिनआवाजाचं. बघू आता काय तक्रार करतात ते."

परतताना रिक्षात सून मधे बसली होती. म्हातारीला वाटलं, ही आता आपल्याकडं बघेल, काही म्हणेल. तिनं बघितलं नाही. का बघावं?

*

मशीन आलं, बाल्कनीत बसलं. खरंच आवाज नव्हता. पाणी भरताना जेवढी खुळखुळ व्हायची तेवढीच. सोळा दिवस घरातही काही झालं नाही. मुलगा खूश होता, त्यानं सिस्टरना मुद्दाम जिन्यात थांबवून सांगितलं, "आता काही त्रास नाही ना?" त्या म्हणाल्या, "नाही. आता वरचं सगळं ऐकू येतं. काल तुमचा चमचा पडला तेसुद्धा." तो हे घरी येऊन हसत हसत सांगत होता. म्हातारीनं मान खाली घालून ऐकलं.

आणि त्या सोळा दिवसांत तिनं एक चूक केली. ती चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. सोळाव्या दिवशी मशीन पुसून झाल्यावर तिनं जुन्या मशीनमधला तो डाळिंबी टॉवेल ओला केला आणि आत टाकून दार लावलं. विचार करून नाही. नऊ वर्षांची सवय हातातच मुरलेली.

सुट्टीच्या दुपारी सुनेनं मुलाचे तीन पांढरे शर्ट आत टाकले आणि गरम पाण्याचं बटण दाबलं. टॉवेल मागं चिकटून बसला होता, दिसला नाही. गरम पाणी त्या टॉवेलानं जन्मात पाहिलं नव्हतं. तासाभरानं तिनं दार उघडलं तेव्हा तिन्ही शर्ट गुलाबी झाले होते, जागोजागी, डाग पडल्यासारखे.

मुलगा टीव्हीवर मॅच बघत होता. त्याला दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसला जायचं होतं. तो उठून बाल्कनीत आला, त्यानं तिच्या हातातला शर्ट घेतला, पसरून उजेडासमोर धरला.

"हे काय?"

त्यानं मशीनमधे हात घालून टॉवेल बाहेर काढला. "हा कुणी टाकला?"

सुनेनं म्हातारीकडं पाहिलं. म्हातारीचं तोंड उघडलं. एक शब्द. दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एकच. तेवढंही तिच्या तोंडून निघालं नाही.

"मी," सून म्हणाली.

टॉवेल तिच्या तोंडावर बसला, ओला, पिळासकट. दुसरा तडाखा डोळ्यावर बसला. ती मागं सरकली तेव्हा त्यानं टॉवेल पुन्हा मशीनमधे भिरकावला आणि ओला शर्ट तिच्या गळ्यात टाकला, बाह्या धरून ओढल्या. ती गुडघ्यांवर आली. तिच्या घशातून विचित्र आवाज निघाला, नळाला पाणी येण्याआधी हवा येते तसा.

म्हातारी उठली. तिचे पाय तिला मशीनकडंच घेऊन गेले. तिनं दार लावलं, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, काचेमागं टॉवेल फिरायला लागला, एकटाच, गोल गोल, निमूट. काहीही ऐकू येत नव्हतं त्याचं. सुनेच्या टाचा फरशीवर घासल्या जात होत्या, त्या मात्र ऐकू येत होत्या. त्याचा श्वास ऐकू येत होता. शर्टाचं बटण तुटून टपकन पडलं, तेही.

बाहेरच्या खोलीत मॅचवाला आरडाओरडा करत होता. कुणीतरी चौकार मारला होता, हजारो लोक ओरडत होते. म्हातारी वळली आणि तिकडं गेली. रिमोट पेपरखाली होता. तिनं तो उचलला. अंगठा आधी आवाज वाढवायच्या बटणावर गेला, कारण तो तिथंच जाणार. मग तिनं अंगठा वर सरकवला आणि लाल बटण दाबलं.

टीव्ही बंद झाला. घर एकदम उघडं पडल्यासारखं झालं.

त्याला कळलं नाही. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. सुनेला कळलं. तिनं सुजलेल्या डोळ्यानं काळ्या पडद्याकडं पाहिलं, मग रिमोट धरून उभ्या असलेल्या सासूकडं पाहिलं. पट्टीतली दोन बोटं तिनं कॉलर आणि गळ्याच्या मधे खुपसली, जागा केली, आणि ती ओरडली. शब्द नव्हता त्यात कुठला. नऊ वर्षांचा आवाज होता, घसा फाटेल असा, थांबेचना. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा ब्रेक लावला.

त्यानं तिच्या तोंडावर बुक्की मारली. ती पुन्हा ओरडली. खाली एक दार उघडलं. जिन्यावर चपला वाजल्या, भराभर, दोन-दोन पायऱ्या घेत.

बेल वाजली.

नऊ वर्षांची सवय त्यालाही होती. तो थांबला. शर्टाच्या बाह्या सोडल्या, धापा टाकत केसांवरून हात फिरवला.

"सिस्टर असणार," तो म्हणाला. "आई, तू मशीन लावलंयस का? बंद कर ते. मी बघतो."

"लावलंय," म्हातारी म्हणाली. "पण त्याला आवाज नाही."

त्यानं मशीनकडं पाहिलं. हिरवा दिवा, काचेमागचा टॉवेल. त्याला समजायला वेळ लागला. एरवी एका बोटानं पोचा ओळखणारा माणूस, पण तो बराच वेळ नुसता बघत राहिला. तोवर म्हातारी दुखरा गुडघा ओढत दारापर्यंत पोचली होती.

"आई," तो म्हणाला. "आई, थांब."

तिनं कडी काढली.

सिस्टर घरातल्या कपड्यांतच आल्या होत्या, केस विस्कटलेले, हातात मोबाइल. "आजी, कोण ओरडलं?"

म्हातारी दारातून बाजूला झाली.

"आत या सिस्टर," ती म्हणाली. "टॉवेल मी टाकला होता."

सिस्टरना त्यातलं काही कळलं नाही. तिला ओलांडून त्या आत गेल्या.